छोट्या हत्तीची बॅटरी

मखमलाबाद, नाशिक
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रतिभास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तुझ्या बॅटरीच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि तू ‘ठेवते आई’ म्हणतेस. म्हणून पत्रच. तुझे बाबा गेल्यापासून त्यांचा छोटा हत्ती शेडमध्ये उभाच आहे. तुझ्या भावाने, संतोषने त्याला ओझरचं गिऱ्हाईक आणलंय. दसऱ्यापर्यंत टेम्पो सुरू झाला नाही तर देऊन टाकू म्हणतो. मग मी लायसन काय पोळपाटाखाली ठेवायला काढलं? झेंडू माझा, बाजारात मीच नेणार.

बॅटरी मात्र ढिम्म. संतोषचा नवा चार्जर लावला, तर त्याचा दिवासुद्धा लागेना. तू मागे शुद्ध पाणी घालायला सांगितलं होतंस, म्हणून रामकुंडावरून गंगेचं आणून घातलं. तरी गुण नाही.

वेदिकेला गोड पापा. माया आहेच, ती वाढव.
तुझी आई

धुळे
१९ सप्टेंबर २०२५

ती. आईस कृ. सा. न. वि. वि.

गंगेचं वाचून दुकानात एकटीच हसत बसले. आई, गंगा पवित्र खरी, पण बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं, क्षार नसलेलं. एकदाच घातलंस, काळजी नको.

नवा चार्जर जरा जास्तच शहाणा असतो. पार उतरलेली बॅटरी त्याला बॅटरीच वाटत नाही. बाबांचा जुना काट्याचा चार्जर माळ्यावर असेल. बॅटरी काढून मोकळ्या हवेत ठेव, दोन अँपिअरवर लाव आणि घाई करू नकोस. पडून राहिली की आत प्लेटांवर पांढरा थर धरतो, तो सावकाशच सुटतो. हाताला गरम लागली तर बंद कर. तिच्यापुढे उदबत्ती मात्र लावू नकोस, चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. अशा कितीतरी मी उठवल्यात, हीही उठेल.

संतोषला रागावू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी प्रतिभा

मखमलाबाद
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतिभास आशीर्वाद. वि. वि.

बॅटरी उठली. गॅरेजवाल्या नवनाथने भार लावून पाहिली आणि बसवून दिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओझरचं गिऱ्हाईक दारात आलं, तेव्हा मी झेंडूचे क्रेट भरत होते. टेम्पो अजून सुरू झालेला नाही म्हणत संतोषने त्याला द्यायला किल्ली मागितली. मी सरळ आत जाऊन बसले.

पाय क्लचपर्यंत पोचेनात. सीट अजून तुझ्या बाबांच्या लांब पायांच्या मापाची होती. मला रडू आलं, पोटभर रडून घेतलं. मग दांडी ओढून सीट पुढे घेतली आणि किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू. गिऱ्हाईकाला म्हटलं, भाऊ, बाजूला व्हा, मला गाडी मागे घ्यायची आहे.

लोभ ठेव, आणि दिवाळीला घ्यायला मीच येईन.
तुझी आई