अर्जात येऊन बसलेलं कासव

यशवंतपूर, बेंगळुरू
रविवार दुपार

ती. पवित्राकाकूंना मल्हारचा साष्टांग नमस्कार (मान धरली आहे, म्हणून सध्या मनातल्या मनात).

तुमचा गुडघा कसा आहे? निपाणीची हवा मानवली का? इकडे आम्ही ठीक, म्हणजे सिद्धी ठीक आहे आणि मी जेवतो. फोन करायचा सोडून याने पत्र का लिहिलं, असं तुम्ही चष्मा शोधता शोधता म्हणालच. कारण असं, की स्क्रीनवर लिहायची मला हल्ली भीती वाटते. कागदावर निदान आपण लिहीत असताना शेजारी दुसरं कुणी येऊन बसत नाही.

सरांचा तारा जागा झाला आहे. तोच, ज्याच्यापायी त्यांनी तुमच्या धाकट्या भावाचं लग्न चुकवलं होतं. (स्वतः मेलेला, तरी शेजारच्या जिवंत ताऱ्याला ओढून ओढून खातो, आणि खाऊन वर्षानुवर्षं झोपतो. आमच्या गल्लीतही असे भाडेकरू आहेत, पण ते मेलेले नाहीत.) त्याचं जेवण क्ष-किरणांत दिसतं आणि ढेकर रेडिओलहरींत येतो. क्ष-किरणांची दुर्बीण उपग्रहावर, रेडिओची जमिनीवर. दोघींनी एकाच वेळी पाहिलं तरच कळणार की किती घासांना किती ढेकर. मागच्या खेपेला सरांनी दोन ठिकाणी दोन अर्ज केले, त्यांना दोन वेगळे दिवस मिळाले, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत तारा झोपला. सर आमच्यासमोर हसले होते, पण घरी त्यांना जेवण जात नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. आता दोन्ही दुर्बिणींचा वेळ एकाच अर्जावर मिळतो. येत्या शुक्रवारी दुपारी अर्ज घेणं बंद. ही खेप हुकली तर हा पुन्हा जागा होईतो माझी सेवानिवृत्ती होईल.

आणि अर्जाचा नियम असा, की लिहिणारा कोण ते तपासणाऱ्यांना कळता कामा नये. नाव नको, गाव नको, 'आमच्या आधीच्या कामात' असंही म्हणायचं नाही. ओळख पटली तर अर्ज न वाचताच बाद. म्हणून सरांचं आयुष्यभराचं काम आम्ही परक्याचं म्हणून लिहिलं. 'दयानंद यांनी असे पाहिले.' जणू वाटेवरचा कुणी दयानंद. लिहिताना फार वाईट वाटलं, काकू.

आम्ही लिहितो ते सरांच्याच जुन्या फाइलीत, इंटरनेटवर, म्हणजे सिद्धी तिच्या खोलीतून आणि मी माझ्या, पण कागद एकच. परवा भर दुपारी, खाली कांद्याचे ट्रक रिकामे होत असताना, त्या कागदावर तिसरं कुणी आलं. अनोळखी कुणी आलं की ते यंत्र त्याला एखाद्या प्राण्याचं नाव देतं. हे 'अनामिक कासव' होतं. ते ओळीओळीने खाली आलं, सरांच्या नावापाशी थांबलं, नाव खोडलं आणि तिथे 'वुई' लिहिलं (अर्ज इंग्रजीत आहे). मी पुन्हा 'दयानंद' लिहिलं. पुन्हा 'वुई'. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो, तर कासवही थांबलं. माझी वाट बघत.

सिद्धी म्हणाली, "लिंक ओपन आहे रे, बाकी काही नाही. कुणीतरी टाइमपास करतंय." घरमालक परसूअण्णांना मी मोघम सांगून पाहिलं, तर म्हणाले, "स्वल्प अडजस्ट करून घ्या की." (पाण्याच्या टाकीबद्दलही त्यांचं हेच मत आहे.) पण ती लिंक सरांनी आम्हा दोघा शिष्यांखेरीज कुणालाच दिली नव्हती. त्यांचा लॅपटॉप ते गेल्यावर तुम्हीच आमच्या हवाली केलात. बॅटरी फुगून तो कपाटात पडला आहे. मी जाऊन हात लावून पाहिला. गार होता. (कोमट असता तर हे पत्र माझ्या आईला लिहावं लागलं असतं.) शास्त्रज्ञाने भुताला भिऊ नये. मी भीत नाहीच, फक्त हल्ली पाठ भिंतीला लावून बसतो.

खरी पंचाईत त्या शब्दाची आहे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हींना एकच वुई. आम्ही म्हणजे तुम्ही बाहेर थांबा. आपण म्हणजे या, बसा. सर नेहमी 'आपण' म्हणायचे. चूक माझी, बोलणी त्यांना, आणि वर खोलीत येऊन म्हणायचे, "आपण चुकलो, मल्हार." मग या कासवाला म्हणायचंय तरी काय? 'तारा आमचा, तुम्ही कोण?' की 'आपण मिळून पाहिला, मग मला का वगळता?' अर्ज मराठीत असता तर लगेच उलगडा झाला असता. याच विचारात माझा भात दोनदा करपला.

बाकी क्षेम. लोणचं संपलं आहे. शेजारच्या भागुबाईंना नमस्कार, त्यांच्या मांजरीला धपाटा.

आपला (की आमचा? जाऊ दे),
मल्हार

ता. क. आता खरं काम. सर तुमच्याखेरीज कुणाचं ऐकायचे नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना त्यांना एवढं सांगा, की शुक्रवारपर्यंत त्या शब्दाला हात लावू नका. एखादा 'वुई' चुकून राहिला तरी सगळं मुसळ केरात. नाव परक्यासारखं लिहिलंय ते ताऱ्यासाठी, मनातून नाही.

ता. क. २ (सोमवार). पत्र टाकायचं राहिलं, आणि आता त्याची गरजही नाही. सिद्धीने लिंक बंद केली. कासव गेलं, सरांचं नाव जिथल्या तिथे आहे. अर्ज इतका स्वच्छ झालाय, की त्यात कुणीच राहत नाही असं वाटतं. मला हे सहन होईना.

ता. क. ३ (सोमवारच, जेवणानंतर). सिद्धी चिकपेटला गेली आहे. अर्जाची स्वच्छ प्रत मी वेगळी काढून ठेवली (शुक्रवारी तीच जाईल, काळजी नसावी) आणि लिंक पुन्हा उघडली. कासव आलं. नावापाशी थांबलं. या वेळी त्याने काही खोडलं नाही. नावापुढे फक्त एक शब्द लिहिला, मराठीत: 'आपण'. मी रडलो, आणि ते भीतीने नव्हे. भीती नंतर वाटली. कारण काकू, हा प्रश्न मी सिद्धीलासुद्धा विचारला नव्हता. फक्त या पत्रात लिहिला होता, आणि पत्र इथे माझ्या पुढ्यात उघडं पडलं आहे. तेव्हा ते पेटीत टाकू की नको, तेवढं उलट टपाली कळवा.