सातव्या महिन्यातला ताप

आई,

दवाखान्यातून आल्यापासून पाय सुजलेत आणि डोकं जड झालंय, तरी लिहायला बसले आहे. नातीला घेऊन गेले होते. तिला सातवा महिना लागलाय. डॉक्टरीणबाई तिच्याहून फार मोठी नसेल, पण समजावून सांगायची हौस दांडगी. म्हणाली, फ्ल्यूची लस टोचणार तुम्हाला, पण ती आहे बाळासाठी. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला ही लस देता येत नाही. तोवर आईच्या रक्तात जे तयार झालेलं असतं तेच वारेतून त्याच्याकडे जातं, आणि पुढे दुधातूनही थोडं मिळत राहतं. नातीनं विचारलं, लस नव्हती तेव्हा काय करायचे? आईला पोटुशी असताना तो आजार होऊन गेला असेल तर तिच्याकडून मिळायचं, असं ती म्हणाली आणि सुई भरायला वळली. मी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाच्या चित्राकडे बघत बसले. अगदी हेच तू मला सोलापुरात आपल्या न्हाणीच्या दाराशी उभी राहून सांगितलं होतंस. तेव्हा ही डॉक्टरीण जन्मलीही नव्हती.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. वडील गेल्यापासून तू मिलच्या पाळणाघरात आया होतीस. मधल्या सुट्टीचा भोंगा झाला की कामावरच्या बाया धावत यायच्या, कुणी मराठी बोलणारी, कुणी तेलुगू, केसांत कापसाची पिंज अडकलेली. पोरं छातीशी धरायच्या आणि दुसरा भोंगा झाला की पाळण्यात टाकून पळायच्या. मधल्या वेळात ती सगळी पोरं तुझी. त्यांची न्हाणी, त्यांची दुपटी, त्यांची रडणी. एक-दोनदा मी तुझा डबा द्यायला आले होते. तू एका हातानं पाळणा हलवत होतीस, दुसऱ्या हातानं कुणाचं नाक पुसत होतीस आणि तिसऱ्याच कुणाला तोंडानं दटावत होतीस. मी मास्तरीण झाले याचा तुला केवढा अभिमान, आणि मला तुझ्या त्या नोकरीची लाज वाटायची. सासरी मी 'आई मिलमध्ये आहे' एवढंच सांगायचे.

सातव्या महिन्यात मी अकलूजहून बाळंतपणाला माहेरी आले, आणि आठवडाभरात तू मिलमधून ताप घेऊन आलीस. गावात फ्ल्यूची साथ होती. तू दोन दिवस कण्हलीस, तिसऱ्या दिवशी कामावर गेलीस, आणि मी अंथरूण धरलं. अंग नुसतं ठणकत होतं, आणि सगळं ध्यान पोटाकडे, बाळ हलतंय का नाही. तू ज्वारीच्या कण्या शिजवून आणल्यास. मी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "हा ताप तूच आणलास. माझ्या बाळाला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही." तू वाटी उचललीस आणि आत गेलीस. तापात बोलले म्हणावं, तर ताप उतरल्यावरही मी तो शब्द मागे घेतला नाही.

मुलगा झाला. चांगला, धडधाकट. साथ अजून गेली नव्हती, गल्लीत घरटी कुणी ना कुणी खोकत होतं. आपल्यात बाळाला न्हाऊ घालायचा मान आजीचा. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तू बंब पेटवलास, न्हाणीत पाट मांडलास, तेलाची वाटी, डाळीचं पीठ, धुरीला ओवा, सगळं हाताशी घेतलंस आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पसरून बसलीस. हात पुढे केलेस. मी बाळ दिलं नाही. म्हणाले, तू रोज त्या पोरांत जातेस, तू नको. शेजारच्या मावशींना बोलाव.

"रजा टाकते की," तू म्हणालीस.

"अंगात आधीच असलं तर रजेनं काय होणार?"

तू उठलीस. न्हाणीच्या दाराशी आलीस. "आगं, ऐक तरी. म्या रोज बघते की तितं. ज्या बायांस्नी पोटुशी असताना ह्यो ताप येऊन गेला, त्यांच्या तान्ह्यांस्नी न्हाय येत. बाकीची लेकरं लई बेजार हायेत. तुला आला न्हवं? मग ह्याला काय हुत न्हाय. तुझंच त्याला राखतंय."

"ताप म्हणजे काय पाटल्या आहेत, आईनं लेकराला द्यायला?" मी म्हणाले, आणि स्वतःच्या बोलण्यावर खूषही झाले. मग तुला जंतू म्हणजे काय, ते कसे पसरतात, हे समजावून सांगितलं. चौथीच्या पुस्तकात होतं तेवढंच मला येत होतं. तू सगळं ऐकून घेतलंस, लुगडं खाली सोडलंस आणि मावशींना बोलवायला गेलीस.

मग रोज सकाळी तेच. मावशी पाटावर बसल्यात, बाळ त्यांच्या पायांवर, आणि तू दाराच्या बाहेर उभी. "मान धरा की. कानात पानी जाईल, हात आडवा लावा." एवढ्या पोरांना न्हाऊ घातलेली बाई तू, बोलता बोलता तुझे हात आपोआप वर येतायत. मावशी वैतागतात. "मग तुमीच या की." तू माझ्याकडे बघतेस. मी दुपट्याची घडी घालत राहते. मग तू तुझा डबा भरतेस आणि कामावर जातेस. संध्याकाळी आलीस की परसात अंगावरून गरम पाणी घेतेस, लुगडं बदलतेस, आणि लांबूनच विचारतेस, "आज दूध पिला का नीट?"

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मावशी आल्याच नाहीत. त्यांची सून आली सांगायला. सासूबाई तापानं फणफणल्यात म्हणे. तीन दिवस अंगात कणकण होती, पण सांगितलं तर तुमी येऊ देनार न्हाय, म्हणून बोलल्या न्हाईत. घरातली दोन्ही लेकरंबी पडलीत. ते तीन दिवस त्या बाईनं माझं पोर मांडीवर घेतलं होतं, त्याच्या तोंडावर तोंड नेऊन लाड केले होते. पुढचे आठ दिवस मी त्याला न्हाऊही घातलं नाही, त्याच्या कपाळावरचा हात काढला नाही. त्याला काहीसुद्धा झालं नाही, साधी शिंक नाही. दूध पीत होता आणि झोपत होता.

नवव्या दिवशी तू बंब पेटवलास. "बघ, म्हनलं न्हवतं?" एवढंच म्हणालीस, तेही हळू. मग पदराला हात पुसत विचारलंस, "आज मी घालू का न्हाऊ?"

आई, तेव्हा मला कळलं होतं. जंतूंचं पुस्तक मीच शिकवत होते, एवढं न कळायला मी काही खुळी नव्हते. मावशींकडून जे मिळायचं ते मिळून गेलं होतं आणि तरी पोर टुणटुणीत होतं. तुझं बरोबर होतं. पण महिनाभर ज्या बाईला लांब ठेवलं तिला आत बोलवायचं, म्हणजे मी चुकले असं म्हणायचं. मी म्हणाले, "आता राहिलेत किती दिवस. मीच घालते." तू पाणी विसणून दिलंस. मी त्याला धड धरूही शकत नव्हते, तो साबणानं निसटत होता, आणि तू दारातून या वेळी काहीच बोलली नाहीस.

निघताना एसटी स्टँडवर तू पिशव्या धरल्यास आणि मी बाळ. गाडी सुटायच्या आधी तू खिडकीतून हात घालून त्याच्या पावलाला लावलास. मी तेवढं लावू दिलं. पावसाळ्यात तार आली. तुझं हृदय बंद पडलं, पाळणाघरातच, दुपारच्या भोंग्याच्या आधी. त्या बायांनी मला नंतर सांगितलं की तू त्यांना नातवाचं कौतुक ऐकवायचीस. कसा गोरा आहे, कसा पाय मारतो, न्हाताना कसा हसतो. त्यांना वाटायचं तूच न्हाऊ घालतेस.

आज रात्री जेवताना नातीनं डॉक्टरीणबाईचं सगळं सांगितलं. माझा मुलगा, तुझा तो नातू, आता पन्नाशीला टेकलाय. हसत तिला म्हणाला, "आमच्या आजीनं मिलमधून ताप आणला होता. तुझ्या आजीनं तिला मला हात लावू दिला नाही, म्हणून मी आज इथं बसलोय." ही गोष्ट त्याला मीच सांगितलेली आहे, लहानपणी, कितीतरी वेळा, आणि दर वेळी जरा ऐटीत. नातीनं माझ्याकडे पाहिलं. ती हुशार आहे, दुपारचं दवाखान्यातलं बोलणं तिच्या डोक्यात असणार. मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

हे सगळं खरं तर त्याला लिहायला हवं. तो पलीकडच्या खोलीत आहे, अजून जागा आहे, चार पावलं चालायचं आणि कागद हातात द्यायचा. मी तुला लिहिते आहे, कारण तू मला काही विचारणार नाहीस.