फोन कोण करणार?

राइली,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी इस्पितळात दाखल व्हायला निघालोय. नुसती तपासणी आहे म्हणालो, ते खोटं होतं. रागावू नकोस. दुपारी येताना लोकरीचे मोजे आण.

कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम घातली आहे. ती अडली तर मदत मिळावी म्हणून दुकानात दोन योजना होत्या. स्वस्तातलीत प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. मी दुसरी घेतली, पाच वर्षांची. फोन केला की माणूस बोलतो, तोही आपल्या फिनिश भाषेत. "मी घरात असताना असली थेरं कशाला?" असं मीच म्हणायचो ना!

दुकानातल्या मुलीनं विचारलं, "फोन कोण करणार? नाव कुणाचं लिहू?"

मी तुझं सांगितलं.

ताइस्तो