‘स्कोप’ या शब्दाबद्दल खुलासा

साउथहॅम्प्टन, मंगळवार

प्रिय नीनाताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? पुरुषोत्तमरावांचा खोकला गेला असेल. माझं बरं चाललंय (म्हणजे सांगण्यासारखं काही नाही).

फोनवर बोलायला धीर होईना म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात रीडिंगला तुमच्याकडे जेवताना तुम्ही विचारलंत, “सुश्रुतच्या नोकरीत पुढे काय?” मी म्हटलं, “स्कोप आहे. करारात तसं कलमच आहे.” त्यावर पुरुषोत्तमरावांनी मला दुसरा लाडू वाढला. तो मी फसवून खाल्ला. शब्द मी सुश्रुतच्या तोंडून ओझरता ऐकला होता. आमचे हे (जाऊन तीन वर्षं होतील) कुठल्याही मुलाला पहिला प्रश्न तोच विचारायचे, त्यात स्कोप आहे का? मला वाटलं, घरचाच शब्द.

मग तो करार मागून घेतला आणि डिक्शनरी घेऊन बसले (चाळीस पानं, तीन दुपारी). तर विमानवाल्यांच्यात स्कोप म्हणजे कुंपण. सुश्रुतची छोटी कंपनी एका बड्या कंपनीसाठी छोटी जेट विमानं चालवते. आपलं काम स्वस्तात बाहेर जाऊ नये म्हणून बड्या कंपनीच्या पायलटांच्या युनियनने लिहून घेतलंय, की बाहेर दिलेल्या विमानात शहात्तरच्या वर खुर्च्या नकोत, आणि अशी विमानंही वीसच. (त्यांचंही चुकत नाही. मी त्यांची आई असते तर हेच लिहून घ्यायला लावलं असतं.) नवी विमानं आली अठ्ठ्याऐंशी खुर्च्यांची. कंपनीने सरळ बारा उपटल्या. मी त्यातल्या एका विमानाने ॲबर्डीनला गेले तेव्हा पाहिलं, पुढे नुसता गालिचा. जागा आहे, पण कोणी बसायचं नाही. मला ते लगेच समजलं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी तीन वर्षं तेच चाललंय.

एकविसावं विमान येणार नाही, तेव्हा सुश्रुत को-पायलटचा कॅप्टन कधी होईल, सांगता येत नाही. अक्षया-सुश्रुतच्या साखरपुड्याचा फेरविचार करायचा असेल तर मोकळेपणाने करा. मी रागावणार नाही.

तुमची,
सुप्रभा

ता. क. पाकीट बंद करताना सुश्रुत आला. म्हणाला, “आई, अक्षयाला हे सगळं पहिल्या भेटीपासून माहितीये. तुझा ‘स्कोप’ ऐकून ती टेबलाखाली मला लाथा मारत होती.” म्हणजे कळलं नव्हतं ते आपल्या तिघांनाच. तरी पाठवते, स्टॅम्प लावून झालाय.

आणखी एक ता. क. मागायचं होतं ते हे. साखरपुड्याला माझ्या शेजारची एक खुर्ची काढू नका आणि कोणाला देऊही नका. कोणी बसायला आलंच, तर युनियनचा नियम आहे म्हणून सांगा.