खाजणाची हद्द

२ फेब्रु., रवि.
सुट्टी. सोलर प्लांटवर आज पॅनल धुवायची पाळी माझी नाही. खोलीतले सगळे जैसलमेरला गेले. मी नाही गेलो, तिथे जाऊन पण फिरायचंच ना. एका जागी बसवत नाही, म्हणून प्लांटच्या तारेच्या कुंपणाबाहेर चालत सुटलो. पुढे ओरण लागतं. ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. गुरं चरतात, पण ओली फांदी कोणी तोडत नाही. तिथे बाया, पोरं, म्हातारे विलायती बाभळी उपटत होते. ती बाहेरून घुसलेली, म्हणून तिला माफी नाही. एका म्हाताऱ्याने हात केला, कुदळ दिली. नाव पण नाही विचारलं.
ऊन उतरेपर्यंत उपटत होतो. हातभर काटे. जेवायला बाजरीची भाकरी, सांगरीच्या शेंगांची भाजी, ताक. म्हाताऱ्याला सगळे काकोसा म्हणतात, म्हणजे काका. मी पण तेच म्हणायला लागलो.
लय मजा.

९ फेब्रु., रवि.
परत गेलो. हे सगळं ट्रस्टचं काम आहे म्हणे. मला ट्रस्ट म्हणजे दानपेटीवाला माहीत. हा जमिनीचा. गाववाल्यांनीच काढलाय. ऑफिस म्हणजे देवळामागची खोली, सतरंजी आणि माठ. ओरण सरकारी कागदावर पडीक लागलंय, त्यामुळे कोणीही येतो आणि मागतो. म्हणून हे लोक दर रविवारी तिथे काहीतरी करतातच. बाभळी काढ, तळ्यातला गाळ काढ, काही नसलं तर पोरांच्या शर्यती लाव. काकोसा म्हणाला, "जमीन पर पाँव दिखने चाहिए."
तेव्हापासून डोक्यात आपलं कोपरचं खाजण. खाडीकडेची ती चिखलाची पट्टी. बाबांची होडी तिथे, आईच्या चिंबोऱ्या तिथे, गावची होळी तिथेच लागते. तिथे आता कोणाचे पाय दिसतात? बहिणीने, वैशूने, फोटो पाठवलेला. पाडलेल्या बिल्डिंगींचा राडारोडा डंपरने आणून ओततायत. निम्मी पट्टी गेली.

१६ फेब्रु., रवि.
आज ओरणाची फेरी!
मडक्याच्या बुडाला बारीक भोक. आत दूध आणि गंगेचं पाणी. पुढचा माणूस मडकं डोक्यावर घेऊन हद्दीवरून चालतो, धार पडत जाते, मागून ढोल आणि अख्खं गाव. मडकं संपत आलं की पुढच्या वस्तीतली बाई घागर घेऊन उभीच. मुसलमान वस्तीतून पण दूध आलं. मला पण मडकं दिलं. मान आखडली, शर्ट भिजला, पण मी सोडलं नाही.
धार वाळूत लगेच गायब. काकोसाला म्हटलं, रेघ राहतच नाही तर उपयोग काय. तो हसायला लागला, मागून चालणाऱ्या पोरांकडे बोट केलं. "रेत पर कौन खींच रहा है? इनकी टाँगों पर खींच रहे हैं."
वैशूला व्हिडिओ टाकला. लिहिलं, होळीला येतोय, खाजणाला अशीच फेरी काढायची. माझी धाकटी बहीण, पण बोलते आजीसारखी. म्हणाली, आधी विचार तरी डंपर कोणाचे आहेत. संतोषदादाचे.
मोठ्या काकांचा पोरगा. मला पोहायला त्याने शिकवलं.

५ मार्च, बुध.
आलो घरी. कल्याणला उतरलो आणि रिक्षाने थेट खाडीवर, बॅग घेऊनच. बघवलं नाही. लहानपणी चिखलातले निवटे मासे पकडायचो तिथे फरशांचे तुकडे, कमोड, लोखंड. डंपर होळीच्या जागेला टेकलेत.
आई म्हणाली, कोलसा झालास. मग लगेच, चिंबोरीचं कालवण हाय, हात धू.
बाबा जास्त बोलत नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले की भराव होडीपर्यंत आला की होडी विकायची. ओढून ठेवायला जागाच नसेल तर ठेवून काय करणार. असं म्हणाले जसं काय जुनं कपाट विकायचंय.
होडी नाही जाऊ देणार मी.

६ मार्च, गुरु.
सं.दादाकडे गेलो. मोठ्या काकीने बोंबील तळले. दादाने पाठीवर थाप मारली, वाळवंटातला उंट आला म्हणाला. मी सरळ विषय काढला. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, तुम्ही सगळे नोकऱ्यांना बाहेर, म्हातारे किती दिवस चिखलात उतरणार? पडीक आहे ते. मी नाही टाकला भराव तर दुसरा टाकेल, आणि तो गावचा पण नसेल.
निघताना दारात म्हणाला, "तू पुसतोस ते पॅनल कोणाच्या रानावर उभे हायत, विचारलंस कधी?"
नाही विचारलं. सहा महिने झाले तिथे. घरापर्यंत चालत येताना कान गरम.

९ मार्च, रवि.
काम झालं! गल्लीतली पोरं जमवली, क्रिकेटची फक्की आणली आणि उरलेल्या खाजणाच्या कडेने पांढरीफेक रेघ मारली. भरावाच्या टोकापासून रेल्वेच्या पुलाच्या बाजूपर्यंत. चिखल मस्त सुकलेला, पाय पण रुतत नव्हते. वैशूने वरच्या बिल्डिंगीतून फोटो काढला, एकदम स्टेडियम. काकोसाला पाठवला. त्याने दहा हात जोडलेले पाठवले.
बाबा आले, रेघ बघितली. दोन जणांना हाक मारून होडी अजून वर ओढून घेतली. मी म्हटलं, बाबा, रेघेच्या आत आहे, राहू द्या ना. "हां," म्हणाले, आणि ओढलीच.

११ मार्च, मंगळ.
घरोघर फिरलो. गुरुवारी होळी पेटायच्या आधी सगळ्यांनी खाजणाला एक फेरी मारायची. होळीला फेऱ्या मारतोच, ही फक्त जरा लांबची. बाया हो म्हणाल्या. बाप्ये म्हणाले बघू. होळी पेटवायचा मान सं.दादाच्या घरचा, त्यामुळे सगळे त्याच्या तोंडाकडे बघणार.
दुधावरून आईशी वाजलं. "दूद कनाला सांडतंस? ती वाळवंटाची मानसं, त्यांच्याकडं पानी नाय. आपल्याकडं खारी हाय." खाडीचं पाणी घ्यायचं ठरलं. तिने स्वतःची जुनी कळशी काढली आणि खिळ्याने बुडाला भोक पाडलं. मग जरा वेळ ती तशीच हातात धरून बसली. लग्नातली आहे.

१३ मार्च, गुरु. होळी
फेरी झाली!
ओहोटी लागलेली. कळशी मी घेतली. मागे सगळ्यात आधी आईबरोबरच्या बाया, पुरणपोळीच्या ताटांसकट. मग बेंजोवाले आपणहून आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मग बिल्डिंगींतले लोक, ज्यांना खाली खाजण आहे हे पण माहीत नव्हतं, ते गॅलरीतून उतरून आले. एक मास्तर मुलीला खांद्यावर घेऊन चालत होते. चपला चिखलात अडकल्या की हशा. म्हाताऱ्या गात होत्या, मला शब्द पण येत नव्हते, नुसता ओ ओ करत होतो.
भरावाजवळ आलो आणि कळशी संपली. आसपास पाणी नाही. डंपरच्या बाजूला सं.दादा हाताची घडी घालून उभा. सगळे थांबले. बेंजो पण थांबला. तेवढ्यात मोठी काकी पुढे आली. घरून हंडा भरून आणलेला. माझ्या कळशीत ओतला. दादाने तोंड फिरवलं. मग जाऊन होळी पेटवली. त्याने नारळ टाकला तेव्हा मी बघत होतो, पण त्याने माझ्याकडे नाही बघितलं.
काकोसाला आवाज पाठवला, नुसता गोंगाट.

१४ मार्च, शुक्र. धुळवड
रेघ गेली. अख्खी.
दुपारी पुनवेचं उधाण आलं आणि फक्की पाण्याखाली, नावाला पण उरली नाही. कोळ्याचा पोरगा मी. भांगाच्या दिवसांत भरती वर चढत नाही, तेव्हा सुकलेल्या चिखलावर रेघ मारली आणि तीच हद्द धरून बसलो. वाळवंटात राहून पाणी येतं हेच विसरलो. सगळी गल्ली रंगवलेल्या तोंडांनी माझ्यावर हसत होती. बाबांना म्हटलं, त्या दिवशी सांगितलं का नाही. "होरी वर वढून घेतली ना तुज्या समोर. अजून कसं सांगायचं?"
जाम पडेल चेहऱ्याने बसलेलो. पाणी उतरायला लागलं तसे बाबा उठले आणि चालत सुटले. मी मागे. फेस, थर्माकोल, तिवराची पानं, कोणाची तरी पिचकारी, सगळं एका ओळीत लागलेलं. ती ओळ माझ्या रेघेच्या किती वर! भरावाला वळसा घालून, डंपरच्या चाकांच्या मागून गेलेली. म्हणजे ते उभे आहेत ते पण खाजणच.
बाबा म्हणाले, "ही बघ. हिच्यावर खुंट मार."

१६ मार्च, रवि.
खुंट मारले! जाळी बांधायचे जुने खुंट होडीखाली पडलेले, ते आधी. मग लोकांनी घरून आणले. मोडकी वल्ही, बांबू, एकाने लग्नाच्या मांडवाची बल्ली. ज्याने त्याने आपल्या होडीचा रंग लावला. आमचा निळा. होडी नाही त्यांनी, म्हणजे बिल्डिंगवाल्यांनी, भांडून पिवळा घेतला. वैशू म्हणते दर रविवारी चिंबोऱ्या पकडायला शिकवणार त्यांना. ही स्वतः चिंबोरीला घाबरते!
सं.दादा लांबून बघून गेला. म्हणाला, एका टायरखाली जातील सगळे. खरं आहे ते.

१७ मार्च, सोम.
सकाळी डंपर आला. खुंटांपाशी थांबला. ड्रायव्हर उतरला, कोणी लावले विचारलं. वाळत घातलेली सुकट सोडून बाया आल्या, नुसत्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने फोन लावला. बराच वेळ ऐकत होता. मग गाडी वळवून गेला.
फोन सं.दादाला लावलेला. काय बोलला असेल तो?
मला संध्याकाळची गाडी. बाबा होडीला डांबर लावत होते. विकायची होडी कोण डांबरतो? विचारलं नाही. निघतो म्हटलं. "गनपतीला ये."

२३ मार्च, रवि.
ओरणात. काकोसाला सगळं सांगितलं. पाण्याने हद्द काढली याच्यावर विश्वासच बसेना त्याचा. इथे पाण्याला हद्द घालतात, म्हणाला. सगळ्यांना बोलावून परत सांगायला लावलं. मी हातवारे करून उधाण दाखवलं.
मग ते पण विचारलं. आमचा प्लांट कोणाच्या रानावर आहे? त्याने तारेकडे बघितलं. "आधा ओरण ही था. तूने पूछा तो सही." आणि कुदळ दिली. मुकादमाच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल. पुढच्या रविवारी पण जाणार.

२६ मार्च, बुध.
वैशूचा फोटो आला. सगळे खुंट जागेवर, आणि एक नवीन. हिरवा-पांढरा. तो रंग गावात एकाच होडीचा, मोठ्या काकांच्या. दादाने स्वतः मारला, आईने बघितलं.
पॅनल धुता धुता नाचलो, मुकादम ओरडला.
मग फोटो मोठा करून बघितला. खुंट आपल्या ओळीत आहे, का जरा खाली खाडीकडे? खाली असला तर त्याने त्याची वेगळी हद्द धरली, इथपर्यंत भरणार म्हणून. ओळीत असला तर तो आपल्यात आला. फोटो ओहोटीचा आहे, नुसता चिखल, काही कळत नाही. वैशूला पण नाही. बाबांना विचारायला सांगितलं, तर म्हणाले, पानी सांगंल.
शनिवारी अमावस्या. उधाण दुपारचं. पाणी खुंटाशीच थांबलं तर ओळीत, खुंटाच्या पुढे चढलं तर खाली. वैशूला सांगितलंय, फोन घेऊन त्या खुंटापाशी उभी राहा, पायाला पाणी लागलं की व्हिडिओ कॉल लाव. मी पाइप बंद करून टाकीवर चढणार, तिथे रेंज येते.