डाव्या कडेचा फुगवटा

३ मार्च
छातीचा एक्स-रे म्हणजे काळी फुफ्फुसं, मध्ये पांढरं हृदय — झालं! असं वाटायचं मला. आज कळलं, एक्स-रे वाचायला शिकतेय त्याला इतके महिने झाले, पण नुसतीच बघत होते, वाचत नव्हते.

टपाल वाटणाऱ्या एक बाई. चाळिशीच्या. जिना चढला की धाप. दम्याचा पंप कित्येक वर्षं चालू, फरक शून्य. फुफ्फुसं स्वच्छ. रिपोर्ट लिहून मोकळी होणार, तेवढ्यात नजर अडकली. हृदयाची डावी कड वरच्या बाजूला जिथे आत वळायला हवी, तिथेच बाहेर फुगलीय. हे काय?

४ मार्च
आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. "आधी बाई सरळ उभ्या होत्या का ते बघ. तिरकं उभं राहिलं की कुणाचंही हृदय फुगलेलं दिसतं." गळ्याखालच्या दोन्ही हाडांची टोकं मणक्यापासून सारख्याच अंतरावर. सरळच होत्या!

मग मॅडमनी खुर्ची ओढली. "फुफ्फुसांकडे जाणारी मोठी धमनी ही. आता हिच्या फांद्या बघ." मुळाशी बोटासारख्या जाड, अन् कडेला पोचेपर्यंत गायब! छाटलेल्या झाडासारख्या. म्हणजे फुफ्फुसांतला रक्तदाब वाढलाय. दंडाला पट्टा बांधून हा कळतच नाही. आणि त्याच्याशी झटून झटून हृदयाची उजवी बाजू सुजलीय — बाजूने काढलेल्या फिल्मवर छातीच्या हाडामागची काळी जागाच तिनं गिळून टाकलीय.

"अजून संशयच आहे हा," मॅडम म्हणाल्या. "हृदयाची सोनोग्राफी होऊ दे."

पण दाब वाढला कशानं?

६ मार्च
फ्लॉवर निवडताना फांद्याच बघत बसले. आई म्हणाली, "भाजी करायचीय, निदान नाही!"

९ मार्च
सोनोग्राफी झाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक! जन्मापासूनचं. म्हणून आजवर फुफ्फुसांकडे जास्तीचं रक्त जात राहिलं, अन् दाब चढत गेला. सुटलं कोडं!

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नखं निळसर — एवढ्या दिवसांत मी ती बघितलीच नव्हती. फिल्म मात्र तोंडपाठ!

"दमा नाही ना मग?" नाही म्हटल्यावर रडायलाच लागल्या. "घरचे म्हणायचे, नाटकं करते."

मला राहवेना. म्हटलं, "भोक बुजवलं की पळत जिने चढाल." मॅडमनी डोळे वटारले. खोलीत आल्यावर म्हणाल्या, "हृदयात नळी घालून दाब मोजायचाय अजून. घोडामैदान जवळच आहे. तोवर जीभ आवर."

१३ मार्च
दाब मोजायला बाईंची तारीख मिळाली. मलाही आत उभं राहू देणार आहेत! वाचून वाचून डोकं भणभणलं. उत्सुकता मावत नाही. (जीभ आवरलीय.)

१६ मार्च
भोक बुजवायचं नाही.

उशीर झाला. फुफ्फुसांतला दाब इतका चढलाय की रक्त त्या भोकातून उलटं वाहतंय — नखं निळी त्यानंच. दमलेल्या हृदयाला तेवढीच मोकळी वाट. ती बंद केली तर बाई जगणार नाहीत. गोळ्यांनी थोडा उतार पडेल, इतकंच.

सांगायला मीच गेले. माझ्याच तोंडानं पळवलं होतं ना त्यांना.

"म्हणजे बुजवलं असतं तर मेलेच असते?"

"हो."

"मग राहू दे की." पदरानं चष्मा पुसला. "आणि डॉक्टरबाई, पळायचं कुणाला होतं? बसत बसत चढले तर चालेल ना, तेवढं सांगा."