चाळीस सेकंदांत सुरू होणारा लॅपटॉप

३ मार्च

नोकरी सोडून दोन महिने झाले. अजून दमलेलाच आहे. कशाने, ते कळत नाही.

हिला लॅपटॉप हवाय. ही कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. बारा वर्षं मुलांसाठी रचलेले धडे हिच्या डोक्यात आणि थोडे चिठ्ठ्यांवर आहेत. मोठ्या बाई म्हणाल्या, एकतीस तारखेपर्यंत टाइप करून द्या, पुस्तक छापू. एकतीसला बाई निवृत्त होतात. नंतर येणाऱ्या बाई छापतील याची खात्री नाही.

आमचा लॅपटॉप अकरा वर्षांचा. बटण दाबून अंघोळीला जावं, येईपर्यंत तो विचारच करत असतो. ही म्हणाली, दादाचा जुना पडून आहे, तो आणते. मी म्हणालो, मी घरात असताना दादा कशाला? जरा जोरातच म्हणालो.

५ मार्च

झेरॉक्सवाल्याने तोडगा काढला. फुकट सिस्टिम आहे म्हणे. एकदम हलकी, जुन्या मशीनवर पळते, नवख्यांनाही जमते. ‘नवख्यांनाही’ हे माझ्याकडे बघून म्हणाला. वीजखात्यात सव्वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलोय. त्यातली निदान चार तो चालू असताना.

पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, आधी ट्राय करून बघा, बरं वाटलं तर इन्स्टॉल करा.

६ मार्च, सकाळी ११

ट्राय केलं. चाळीस सेकंदांत सुरू! घड्याळ लावून मोजलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

स्क्रीनवर ‘इन्स्टॉल’ नावाचं एक चित्र आहे. सगळं तर चालतंय, मग आणखी काय इन्स्टॉल करायचं? जाहिरात असणार. डिलीट केलं.

७ मार्च

‘इन्स्टॉल’ परत आलंय. चिवट आहे. पुन्हा डिलीट.

सिस्टिमने आजही विचारलं, भाषा कोणती? वायफायचा पासवर्डही विचारला. कालच सांगितलं होतं. असो, सावध आहे बिचारी. मराठी कीबोर्ड परत लावला. याला देखभाल म्हणतात.

दुपारी हिने पहिला धडा टाइप केला. तीन पानं. खूश होती. मीही.

८ मार्च

धडा सापडत नाही. हिला विचारलं, सेव्ह केला होतास का? हो म्हणाली. मी म्हणालो, केला असतास तर असता. हिने परत टाइप केला. या वेळी मी शेजारी बसून सेव्ह करताना डोळ्यांनी बघितलं.

९ मार्च

धडा नाही.

म्हणजे चूक हिची नव्हती. हे हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन. ही म्हणाली, झेरॉक्सवाल्याला विचारून या ना. तीन जिने उतरायचे आणि परत चढायचे. उद्या.

१० मार्च

जिने न उतरताच रोगाचं मूळ सापडलं. लॅपटॉप बंद केला की पानं जातात. मग बंदच करायचा नाही! बॅटरी केव्हाच गेलीय, त्यामुळे वायर काढायची नाही. सॉकेटवर चिठ्ठी लावली: हात लावू नये.

ही म्हणाली, वीज गेली तर? सव्वीस वर्षं कुठल्या खात्यात होतो मी? मलाच विचारते.

१७ मार्च

सात दिवस अखंड चालू. बावीस पानं झाली. ही शाळेतून येते, चहा घेते आणि बसते. काल एक धडा वाचून दाखवला. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला शाळा सुटल्याचं कसं कळतं, त्याचा. बाकं सरकली की तिच्या पायाखालची फरशी थरथरते, तेव्हा. मला भरून आलं. नुसता खोकलो.

झेरॉक्सवाल्याकडे जायचं राहिलंय. आता गरज काय?

२१ मार्च, दुपार

हिचा भाऊ आला. बगलेत त्याचा जुना लॅपटॉप. असू द्या, लागला तर, म्हणाला. आमच्या लॅपटॉपकडे बघून हसला. हा अजून जिवंत आहे? मी म्हणालो, जिवंत? चाळीस सेकंदांत सुरू होतो. तो म्हणाला, काहीतरीच काय भाऊजी. मी म्हणालो, बघायचंय?

दाखवलं.

अडतीस सेकंद.

२१ मार्च, संध्याकाळ

ही स्वयंपाकघरातून आली तेव्हा सिस्टिम भाषा विचारत होती.

भावाने लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. म्हणाला, भाऊजी, तुम्ही अजून ट्रायच करताय, इन्स्टॉल केलंच नाहीत. असं काही साठत नसतं, बंद केलं की पाटी कोरी. दुकानात अंगात घालून बघितलेला सदरा तो, घरी आणलाच नाहीत.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर काहीतरी उत्तर देता आलं असतं. फक्त विचारलं, बावीसच्या बावीस? मी म्हणालो, आज सकाळपर्यंत सव्वीस. कशाला बोललो कोण जाणे.

२२ मार्च

ही भावाच्या लॅपटॉपवर पहिल्या पानापासून. मदत करू का विचारलं. नको म्हणाली. चहा? आधी नको म्हणाली, मग चालेल म्हणाली.

कप ठेवताना सांगून टाकलं, त्या दिवशी सेव्ह करण्यात तुझी काही चूक नव्हती. मान वर न करता म्हणाली, माहितीय, नऊ तारखेपासून. मला फार वाईट वाटलं.

२५ मार्च

झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तीन जिने चढून वर आलो, ‘इन्स्टॉल’वर क्लिक केलं. सिस्टिमने माझं नाव विचारलं. तेवढ्यात धाप लागली. बंद केलं. उद्या.

३० मार्च

पुस्तक पूर्ण. एकोणचाळीस पानं. उद्या मोठ्या बाईंच्या हातात पडेल. नऊ दिवसांत हिची बोटं सुजलीत.

मनोगत मला वाचायला दिलं. शुद्धलेखन बघा म्हणाली. मोठ्या बाईंचे आभार. लॅपटॉपबद्दल भावाचे आभार. मुलांचे आभार. शेवटची ओळ: ‘आणि गेले नऊ दिवस या कामात कोणतीही मदत न केल्याबद्दल माझ्या यजमानांचे विशेष आभार.’

शुद्धलेखनाची चूक एकही नाही. बाकी सगळ्यांचे नुसते आभार, ‘विशेष’ फक्त माझे, अशी मनाची समजूत घालून बघितली. पटली नाही.